गाळ न धरणारा पाट

तलावाच्या मधोमध डोंगा थांबलेला आहे. बांबू चिखलात रोवून ठेवला आहे. एका टोकाला माझा थोरला भाऊ जाळ्यात अडकलेलं शेवाळ सोडवतो आहे, आणि दुसऱ्या टोकाला मळक्या पांढऱ्या पँटीतला एक किडकिडीत माणूस उकिडवा बसून कमळाच्या देठाला टाके घालतो आहे. कापलेल्या देठाची दोन तोंडं एकमेकांना भिडवायची, कोशाच्या धाग्याने शिवायची, मग सांधा पाण्याखाली धरून एका टोकातून फुंकर मारायची. सांध्यातून बुडबुडे आले की देठ फेकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. दुपार चढत जाते, पाणी झोपल्यासारखं पडून असतं, आणि त्या माणसाभोवती शिवलेले देठ तरंगत राहतात. त्याची आठवण आली की मला पहिल्यांदा हेच दिसतं. माणूस नंतर दिसतो, देठ आधी.

मला त्या माणसाचा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी त्याची आरती ओवाळायला बसलो आहे असं कोणाला वाटायला नको.

तो डॉक्टर होता. पुण्याकडचा की कोकणाकडचा, ते कधी कळलं नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात होता आणि तिथे साहेबाशी भांडून निघाला, असं कोणी म्हणायचं. निघाला नाही, काढला, असं दुसरं कोणी म्हणायचं. आमच्या गावात तो आला तेव्हा आमचा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा आणि राजधानी नागपूर होती. ब्रह्मपुरीच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून एका लाकूडवाल्या ठेकेदाराची रिकामी वखार पडली होती. तीत त्याने दवाखाना थाटला. खाट एक, टेबल एक, आणि विलायतेहून येणाऱ्या मासिकांचा ढीग. मासिकं इतक्या उशिरा यायची की पाकिटाच्या कडा उंदरांनी वाटेतच खाल्लेल्या असायच्या.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. बाप लवकर गेला. मला दादाने वाढवलं. मी डोक्यावर टोपलं घेऊन ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे विकायला सुरुवात केली, आणि पंचविशी ओलांडायच्या आत आसपासच्या तलावांच्या मासेमारीचे ठेके माझ्याकडे आले. ते कोणी मला दिले नाहीत, मी ते ओढून घेतले. बाजारातल्या पहिल्या भावाला मी आयुष्यात कधी हो म्हटलं नाही. समोरच्याचा चेहरा पाहून त्याचा शेवटचा भाव कोणता हे मला कळायचं, आणि नाही कळलं तर मी भांडून काढून घ्यायचो. या विद्येवर माझा फार भरवसा होता. जगात अशी गोष्ट नाही जिचा सौदा होत नाही, असं मी मानत होतो.

दादा माझ्या अगदी उलटा. गावाने त्याला तलावाचं पाणी सोडायचं काम दिलं होतं. पाळीच्या पोटात, पाण्याखाली एक दगडी दार असतं. त्याला आम्ही तुडुम म्हणतो. त्याच्या भोकात लाकडाचा दट्ट्या ठोकलेला असतो. धानाला पाणी लागलं की एकाने बुडी मारून तो दट्ट्या काढायचा, मग पाणी पाटाने बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, जातं. हे काम ज्याला दिलं त्यानेच करायचं, दुसऱ्याने दट्ट्याला हात लावायचा नाही, अशी गावाची रीत. नाहीतर जो तो उठून आपल्या शेताकडे पाणी वळवील. दादा कोणाच्याच बाजूचा नव्हता, म्हणून ते काम त्याचं.

डॉक्टरची आणि दादाची गट्टी जमली ती या तुडुमापायी. डॉक्टर सकाळी पाळीवर यायचा, पाट पाहत उभा राहायचा, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला दोन बोटं दाबून स्वतःशीच हसायचा. त्याची ही सवय साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती. रोगी कशासाठीही येवो, हा आधी त्याच्या छातीच्या हाडाची कड चाचपायचा.

एकदा एका म्हाताऱ्याने त्याला माझ्यासमोर झापलं. "डाक्टरसाब, मले पायाले गळू झालं. तुमी छाती काऊन दाबून राह्यले?"

"गळू बघतोच हो," डॉक्टर म्हणाला. "पण आधी जरा चांगली गोष्ट बघू द्या."

ती चांगली गोष्ट म्हणजे काय, हे त्याने प्रत्येकाला सांगितलं. बाजारात, बैलगाडीत, न्हाव्याच्या पुढ्यात बसून. माणसाच्या छातीच्या हाडामागे, दोन्ही बाजूंना, रक्ताची एकेक नळी खाली उतरते. हृदयाच्या अगदी शेजारून जाते, पण हृदयाला एक थेंब देत नाही. हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांमध्ये वयाबरोबर गाळ बसतो, त्या बुजतात, माणूस छाती धरून खाली बसतो. आणि या शेजारच्या नळीत मात्र गाळ बसत नाही. म्हातारी माणसं मेल्यावर त्याने उघडून पाहिली होती. बाकी सगळं बुजलेलं, ही नळी मात्र पोराच्या नळीसारखी.

"एकच रक्त," तो म्हणायचा, "आणि एका पाटात गाळ, दुसऱ्यात नाही. का?" मग समोरच्याकडे असा पाहायचा की उत्तर त्या न्हाव्यालाच माहीत आहे. "माहीत नाही हो. मलाही माहीत नाही. पण पाट तर आहे! मुळाशी तोडायचा नाही. खालचं टोक सोडवायचं आणि कोरड्या शेताकडे वळवायचं. बस."

"अन् ज्या शेताचं पानी वळवलं, त्याचं काय?" दादा त्याला विचारायचा.

"त्याला इकडून तिकडून झिरपतं. छातीच्या भिंतीला कमी पडत नाही."

"असं तर वरच्या आळीचे लोकं बी म्हनते," दादा म्हणायचा. "खालच्याले झिरपते म्हनते. मंग मले येऊन शिव्या देते."

दोघं मिळून हसायचे. डॉक्टर साऱ्यांना अहो-जाहो करायचा. लहान पोरांना, कुत्र्यांना, आणि पुढे बकऱ्यांनाही. लोक त्याला देठवाला म्हणायचे. तापाच्या दिवसांत रांग लागायची तेव्हा डॉक्टरसाब, आणि ताप उतरला की देठवाला.

एका वर्षी तो भामरागडला गेला. तिकडे हिवताप फार पसरला होता आणि कोणी जायला तयार नव्हतं. आठवड्यात येतो म्हणाला. पावसाने वाट बंद केली आणि तो तिथेच अडकला. आम्ही समजलो, मेला. दिवाळीच्या सुमारास पाळीवर एक दाढीवाला उभा दिसला. अंगात फक्त हाडं उरली होती, डोळे मात्र लकाकत होते. दादाने त्याला आधी पेज पाजली. पेज पिता पिता तो बोलत होता, पण हिवतापाबद्दल नाही. तिथे नद्या मिळतात ते तो पावसाळाभर पाहत बसला होता.

"दादा, नदी नदीला आडवी येऊन धडकत नाही हो. तिरकी येते. शेजारी शेजारी चालते, अंग घासते, आणि मग कधी एक झाली ते कळत नाही. मी आजवर सरळ टाके घालत होतो. म्हणून बुडबुडे येत होते."

दुसऱ्या दिवसापासून तो देठ तिरके कापू लागला. बुडबुडे कमी झाले. मी काठावर उभा राहून पाहत होतो, आणि कबूल करतो, त्या हातांसारखे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. बाकी सारा माणूस थरथरायचा, चहाची बशीसुद्धा त्याच्या हातात वाजायची. पण सुई बोटांत आली की बोटं थांबायची.

त्याच हिवाळ्यात दादा पाळ चढताना पहिल्यांदा मध्येच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई बे, लहान्या. वारं धरलं असन."

मग तो अर्ध्या चढावरच्या चिंचेपाशी थांबू लागला. मग चिंचेच्या आधीच. छातीवर कोणी जातं ठेवून गेल्यासारखं वाटतं, म्हणाला. डॉक्टरने त्याला खाटेवर झोपवलं, बराच वेळ नळी लावून ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या छातीच्या हाडाची कड त्याने चाचपली नाही. लहानशा काचेच्या बाटलीत त्याने गोळ्या दिल्या. कळ आली की एक जिभेखाली ठेवायची. आणि बुडी मारायची नाही.

"तुडुम कोन उघडन मंग?" दादा म्हणाला. "तुमी?"

डॉक्टर त्यावर हसला नाही.

मी मात्र त्याच दिवशी हिशेब मांडला. हा माणूस वर्षानुवर्षं एकच गोष्ट बडबडतो आहे, आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या भावाला हवी आहे. म्हणजे सौदा जुळण्यासारखा आहे. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "डाक्टरसाब, बोला. काय काय लागते?"

त्याने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "बकऱ्या लागतील."

बकऱ्या मी आणल्या. आरमोरीच्या विणकराशी भांडून सगळ्यात बारीक कोशाचं रेशीम आणलं. डॉक्टर त्याचे पदर उकलून आणखी बारीक करायचा आणि तेलात भिजवून ठेवायचा. सगळ्यात मोठी अडचण श्वासाची होती. छाती उघडली की जनावराचा श्वास बंद पडतो, बाहेरून हवा भरावी लागते. डॉक्टरकडे त्यासाठी यंत्र नव्हतं. मी लोहाराचा भाता आणला. त्याला रबरी नळी जोडली, नळी बकरीच्या घशात उतरवली, आणि भात्यावर मी बसलो. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नव्हता.

"भाऊ, भट्टी पेटवायची नाही," तो म्हणायचा. "झोपलेल्या बाळाच्या अंगावर फुंकर घालता ना? तसं."

पहिल्या बकऱ्या मेल्या. एक भुलीच्या औषधानेच गेली, एक रक्ताने, एक तीन दिवस उभी राहून चौथ्या दिवशी आडवी झाली. प्रत्येक वेळी तो बकरीपुढे हात जोडून म्हणायचा, "बाई, माफ करा." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावात जाऊन देठ शिवत बसायचा.

मग ती पांढऱ्या कानाची आली.

थंडीची सकाळ होती. वखारीच्या फटींमधून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या आणि त्यांत धूळ संथ फिरत होती. मी भाता दाबत होतो, सोडत होतो. दाबत होतो, सोडत होतो. थोड्या वेळाने तिचा श्वास कुठला आणि माझा कुठला, तेच मला कळेना. उघड्या छातीत तिचं हृदय उड्या मारत होतं, जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या मासोळीसारखं. डॉक्टरने हाडामागची ती नळी सोडवून आणली. मूळ वर तसंच ठेवलं, खालचं टोक मोकळं केलं. हृदयाच्या नळीला ती शिवायची त्याची फार इच्छा होती, पण उड्या मारणाऱ्या हृदयावर तो जोड त्याला जमत नव्हता. म्हणून त्याने हृदयाच्या मांसात लहानसं बीळ केलं आणि नळीचं तोंड त्यात सोडलं. "आता बांधीत पाणी सोडलं," तो पुटपुटला. "पुढची वाट शेत आपली आपण काढतं." दादा दाराशी उभा होता. तलावावरून बदकांचा थवा उडाला त्याचा आवाज तेवढा आला. त्या सकाळी जगात कोणी कधी मरत नाही, असं मला वाटलं.

बकरी जगली. आठवडाभराने ती पाळीवर चरू लागली. एका अंगाचे केस कापलेले, कोशाचे टाके दिसत असलेले, अशी ती ऐटीत फिरायची आणि लोक दुरून बघायला यायचे. दादा आणि ती रोज सकाळी एकमेकांना टेकून उन्हाला बसायचे. डॉक्टर यायचा, आधी तिच्या छातीला नळी लावायचा, मग दादाच्या.

"कोनाचं चांगलं वाजून राह्यलं?" दादा विचारायचा.

"बाईंचं," डॉक्टर म्हणायचा.

"तिले तुडुम नाई उघडा लागत ना."

आता माझी वेळ आली होती. पाऊस सरला, धान निसवायला आलं. दादा आता अंगणात चालतानाही थांबायचा. मी वखारीत गेलो. डॉक्टर मासिक वाचत होता.

"आता माझ्या भावाचं करा," मी म्हणालो.

"नाही, भाऊ."

मला वाटलं, हा पहिला भाव आहे. मी म्हणालो, "भाता मी मारतो. हात माझा बसला आता."

"नाही."

"नागपूरहून भुलीचं औषध आनतो. यंत्र आनतो. तुमाले वखार पक्की बांधून देतो. बोला तुमी."

"ते नाही हो."

"मंग काय? बकरीचं केलं, मानसाचं काऊन नाई? ते पाहा, चरून राह्यली!"

त्याने मासिक बाजूला ठेवलं. बशी वाजावी तसा त्याचा आवाज थरथरत होता. "भाऊ, त्या बाईंचं हृदय चांगलं होतं. निरोगी होतं. मी ओल्या शेतात पाणी सोडलं आणि पीक उभं आहे म्हणून नाचतो आहे. ते पीक माझ्या पाण्यावर उभं आहे की आपल्या ओलीवर, कोण सांगणार? दादांचं शेत सुकलेलं आहे. त्यांना भुलीचं औषध दिलं की त्यातच संपतील. छाती उघडेपर्यंतसुद्धा जाणार नाही मी."

"मंग इतके दिस बकऱ्या कायले मारल्या?"

"हात शिकावा म्हणून."

"शिकला ना मंग हात! आता पाठीमागं काऊन लपवून राह्यले?"

खरंच, त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मी त्याला भेकड म्हटलं. त्याहून वाईटही म्हटलं. तो ऐकून घेत होता. मी थकून थांबलो तेव्हा तो म्हणाला, "बघू." हा त्याचा नेहमीचा शब्द. गळू असो, पोटदुखी असो, बघू. मी बाजारात वाढलेला माणूस. समोरचा 'बघू' म्हणाला की दार उघडं आहे असं मी धरतो. मी घरी जाऊन दादाला सांगितलं, "होते. जरा ताणून धरून राह्यला, पन होते."

माझा राग आहे तो या बघूवर. नाही म्हणाला होता, तर नाहीवरच राहायचं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी मी मासे घेऊन नागपूरला गेलो होतो. शेतं पाणी मागत होती. खालच्या आळीचे लोक सकाळी दादाकडे आले. त्यांनी जबरदस्ती केली नाही. नुसते अंगणात बसून राहिले. दुसऱ्याने दट्ट्याला हात लावायचा नाही, ही रीत त्यांनीही पाळली आणि दादानेही. तो उठला, पाळीवर गेला, आणि बुडी मारली. दट्ट्या निघाला. पाणी सुटलं. दादा वर आला, काठाला हात टेकला, आणि दुसऱ्या हाताने कनवटीला चाचपू लागला.

डॉक्टरने दिलेली काचेची बाटली त्याने केव्हाच घरी ठेवून दिली होती. डोंग्यात ती वाजते आणि मासे दूर जातात, म्हणाला होता. गोळ्या तो धोतराच्या कनवटीला बांधायचा, जसा जन्मभर चुना-तंबाखू बांधत आला तसा. बुडीत त्या विरघळून गेल्या होत्या. लोकांनी सांगितलं, त्याने ओलं धोतरच तोंडात धरून चोखलं. मग तो पाटाच्या कडेला आडवा झाला. पाणी त्याच्या शेजारून शेतात जात होतं.

मी आलो तेव्हा त्याला ओसरीवर ठेवला होता. वहिनी उशाशी बसली होती. डॉक्टर अंगणात उभा होता, ती बकरी त्याच्या मागे. मला पाहून तो पुढे आला आणि हळूच, अगदी कोणाचं सांत्वन करावं तशा आवाजात म्हणाला, "भाऊ, एकदा आत पाहू द्या. त्यांचा पाट कुठे बुजला, तेवढंच."

मी त्याला गचांडी धरून अंगणाबाहेर फेकला.

जिवंतपणी ज्याला हात लावायचा नाही, मेल्यावर त्यालाच उघडायला मागतो! लोकांनी मला धरलं नसतं तर काय केलं असतं, सांगता येत नाही. आणि त्या गलक्यात वहिनीचा आवाज आला. रडून बसलेला, पण स्पष्ट. "पाहू दे त्याले, भाऊजी. त्याचा बी दोस्त होता."

मी पाहू दिलं नाही. आजही देणार नाही.

काही दिवसांनी तो गाव सोडून निघाला. सिरोंच्याकडे जातो, म्हणाला. मासिकं त्याने वखारीतच टाकली. बकरी वहिनीला दिली. मी स्टेशनच्या वाटेवर समोरून येत होतो. तो थांबला. मला वाटलं, आता हा क्षमा मागणार. पण त्याने हात पुढे केला, दोन बोटं माझ्या छातीच्या हाडाच्या कडेला टेकवली आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्यातही आहेत. दोन्ही बाजूंना. गाळ धरत नाहीत. जपून ठेवा." मी त्याचा हात झटकला. तो निघून गेला. पुन्हा दिसला नाही, त्याचं कुठलं पत्र नाही, बातमी नाही.

ती बकरी बरीच वर्षं जगली. तिला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. खाटीक यायचा तेव्हा भाव ऐकायच्या आधीच मी नाही म्हणायचो, आणि असं मी दुसऱ्या कुठल्याही मालाच्या बाबतीत केलेलं नाही. एका सकाळी ती पाळीवर, तिच्या उन्हाच्या जागी, मेलेली सापडली. म्हातारी होऊन मेली.

वहिनी म्हणाली, "उघडून पाहा."

"काऊन?"

"तो पाहाले मांगत होता ना. हे तरी पाहा."

मासे साफ करणारा हात, छाती उघडणं मला अवघड नव्हतं. ती नळी सापडली. वर मूळ, खाली हृदयाच्या मांसात शिरलेलं टोक. कोशाच्या गाठी मांसाने गिळल्या होत्या, बोटाला तेवढ्या लागत होत्या. मी नळी वर कापली आणि वहिनीने लोट्याने तीत थेंब थेंब पाणी सोडलं. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. आधी काही झालं नाही. मग हृदयाचं मांस हळूहळू ओलं दिसू लागलं, सकाळी बांधीच्या भेगा ओल्या होत जातात तसं. आणि कुठल्या तरी बारीक तोंडातून पाण्याचा एक मणी बाहेर आला.

पाट वाहत होता. इतकी वर्षं वाहत होता, आणि ज्याने तो वळवला त्याला ते कळवायला पत्ता नव्हता. वहिनी रडली. माझा मात्र राग दुप्पट झाला. चालत होतं! मग दादाचं का नाही केलं?

हा प्रश्न मी चाळीस वर्षं सांभाळला. पासष्टी ओलांडल्यावर एकदा मी स्वतःच जिना चढताना मध्ये थांबलो. छातीवर जातं. मला ते लगेच ओळखू आलं. नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या. सर्जन माझ्या नातवासारखा दिसणारा पोरगा. कागदावर चित्र काढून समजावू लागला, "आजोबा, पायाची एक शीर काढू. आणि मुख्य जागी छातीच्या हाडामागची धमनी—"

"तिचं मूळ तोडू नको," मी म्हणालो. "खालचं टोक सोडव. अन् तिरका कापजो, सरळ नाई."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"होता एक येडा."

मग मी त्याला सगळं सांगितलं. देठ, भाता, पांढऱ्या कानाची बकरी, दादा. तो बाहेरच्या रोग्यांना थांबवून ऐकत होता. शेवटी मी माझा प्रश्न टाकला. "खरं सांग. तेव्हा त्याने केलं असतं, तर वाचला असता का दादा?"

"नाही, आजोबा. भाता आणि वखार? टेबलावरच गेले असते. त्या डॉक्टरांना ते माहीत होतं."

"मंग बघू काऊन म्हनला?"

पोराने चित्राचा कागद उलटा ठेवला. म्हणाला, "आम्हीसुद्धा म्हणतो हो कधी कधी. समोरच्याकडे पाहून शेवटचं 'नाही' निघत नाही तोंडातून."

हे उत्तर मी घेतलेलं नाही. पहिला भाव मी कधी घेत नाही.

आता छातीवर टाक्यांचा व्रण घेऊन मी पुन्हा पाळीवर जातो. चिंचेपाशी न थांबता चढतो. ऊन कोवळं असलं की दादा आणि बकरी बसायचे तिथे बसतो. पाणी झोपल्यासारखं पडून असतं, आणि कधी कधी, डोळे मिटले की, डोंग्यातून सूं करून फुंकर मारल्याचा आवाज येतो. मी दोन बोटं हाडाच्या कडेला दाबतो. डाव्या बाजूला आता हाताला काही लागत नाही. ती नळी आत वळली आहे, कोरड्या शेताकडे.

त्या माणसावरचा माझा राग अजून जिवंत आहे. त्याच पाटाच्या पाण्यावर.